झाकण आधी हातात घ्या

...नाही नाही, तुम्हाला सांगतो, झाकण आधी हातात घ्या! अहो खा की, जपानात मोरिओकाला आलात आणि वांको सोबा न खाता जाणार होय? अक्रोडाची चटणी घ्या, मुळ्याचा तिखट कीस घ्या, सगळं घ्या... पण झाकण हातात! वाटीत घासभर शेवया, तो घास गिळला की मागे उभी असलेली बाई दुसरा टाकणार, वाटी झाकेपर्यंत टाकतच राहणार, आणि पडलेलं खाल्ल्याशिवाय झाकायचं नाही, हा इथला कायदा!

माझी सासू तोमे हेच वाढता वाढता म्हातारी झाली. हात असा, की झाकण टेकायच्या आत घास वाटीत! मी पडलो घरजावई. आल्या दिवशी मला काडीपैलवान म्हणाली आणि तेव्हापासून घरीसुद्धा तेच... उजव्या खांद्यामागे उभी, "हं जावईबापू, होऊ दे!" पोट फुटायची वेळ आली तरी होऊ दे! त्या घरात माझ्या बाजूचं काय होतं? तर एक लाखेचं झाकण.

हिवाळ्यात वारली बिचारी. शवपेटीत तिची आवडती वस्तू ठेवायची, तर माझी बायको चियोनो म्हणाली, कंगवा ठेवू. मी म्हटलं, छे, ते झाकण ठेवा, जन्मभर त्याच्याशीच झुंजली ती! सगळ्यांना गहिवरून आलं. झाकण तिच्याबरोबर जळलं. आता मला कशाला लागतंय, म्हटलं.

कशाला लागतंय! अहो, ओबोन आला ना! पितर घरी यायचे दिवस. दारात विस्तव करून तिला आत घेतलं आणि भर दुपारी जेवायला बसलो. वाटी संपवली, बघतो तर भरलेली. चियोनोला विचारलं, तू वाढलंस का? ती म्हणते, मी उठले तरी कुठे? खाल्ली... भरली! पुन्हा खाल्ली... पुन्हा भरली! मुळा नकोसा झाला तर अक्रोडाची बशी आपोआप माझ्याकडे सरकली, कारण चव बदलली की माणूस आणखी खातो, हे तिचंच म्हणणं! वाटीवर ताटली ठेवली, पातेल्याचं झाकण ठेवलं, शेवटी तळहात दाबून धरला, तर बोटांच्या फटींतून गारगार काहीतरी आत सरकलं... आणि उजव्या खांद्यामागून, अगदी हळू, "हं जावईबापू, होऊ दे!"

खोटं कशाला बोलू, घाबरलो. सणभर हेच. खातोय आणि घाबरतोय, घाबरतोय आणि खातोय!

शेवटच्या संध्याकाळी दारात निरोपाचा विस्तव केला. धूर वर गेला, म्हटलं, सुटलो बाबा! आत येऊन जेवायला बसलो, वाटी संपवली. रिकामी. जरा थांबलो... रिकामीच. घर इतकं गप्प, की मला माझाच घोट ऐकू आला.

चियोनो म्हणाली, "अहो, वाटी अशी खांद्यामागे कुणापुढे धरलीय?"

आता पुन्हा ओबोन आलाय. नवं झाकण आणलंय हो मी, चांगलं लाखेचं. वरच्या फळीवर ठेवलंय, जिथं बसल्या जागेवरून माझा हात पोचत नाही. तुम्ही मात्र आधी हातात घ्या.