बाटली आणि गेन्फो

अदिसच्या बँकेत बाकावर, व्यापारी आणि म्हातारी यांच्यामध्ये अडकलेली राहेल ऐकत होती.

"मध्यवर्ती बँकेच्या लिलावात आपल्या बँकेला डॉलर मिळालेत, एतीये," म्हातारीला मोठ्या बहिणीसारखी हाक मारत व्यापारी म्हणाला. " आता तान्ह्यांच्या दुधाच्या माझ्या बाटल्या परदेशातून येणार!"

"तुम्हा व्यापाऱ्यांचीच चंगळ! मला आजच्या विमानानं नैरोबीला लेकीच्या बाळंतपणाला जायचंय, हातखर्चाला डॉलर नकोत?"

"तुमच्या मांडीवरच्या पिशवीत काय एवढं?"

"जवाचं पीठ. त्याची घट्ट लापशी, गरम गेन्फो, रोज भरवीन. बाळंतिणीला असं दूध येईल, की बाटली लागायचीच नाही!"

"म्हणजे माझं एक गिऱ्हाईक गेलं!"

"गेलंच समज."

खिडकीतल्या कारकून बाईंनी हाक मारली, "देमिसे, बाटल्यांवाले!"

"आधी यांचं करा, मॅडम," देमिसे म्हातारीकडे बोट दाखवत म्हणाला. " यांचं विमान चुकलं, तर बाळाला माझी बाटली लागेल!"