फरशीवर फरशी

असं डोकं हलवू नका हो ज्ञानेशभाऊ, आधी नीट बघा तरी! गॅलरीचं रेलिंग हलतंय, ते काय मला दिसत नाही? हलतंय म्हणूनच तर फोन केला, उगाच वेल्डिंगवाल्याला चहा पाजायला कोण बोलावतं? माझं म्हणणं एवढंच, की ते उंच करा. छातीपर्यंत आलं पाहिजे — आमच्या ह्यांच्या छातीपर्यंत, माझ्या नव्हे. उंच आहेत ते, आता आत झोपलेत म्हणून कळत नाही. आणि हे रेलिंग बघा, कमरेलासुद्धा धड लागत नाही त्यांच्या. माणूस वाकला की गेलाच. पहिला मजला म्हणून काय झालं, खाली सिमेंटचा रस्ता आहे.

आधी कमरेच्या वर होतं हो. आता म्हणाल, रेलिंग काय आखूड झालं का? रेलिंग नाही आखूड झालं, फरशी वर आली! हसू नका. घर घेतलं तेव्हा शहाबादी होती. मग अश्विनच्या, म्हणजे आमच्या मुलाच्या, बारशाला ह्यांनी हौसेनं तिच्यावरच मोझॅक बसवून घेतलं — खालची कशाला उखडायची, धूळ होते, पाहुणे यायचेत. मग अश्विनच्या लग्नाला त्याच्यावर ह्या चकचकीत टाइल्स. जेलरोडच्या ह्या आख्ख्या कॉलनीत जा कुणाच्याही घरी, हेच — लग्न निघालं, टाक फरशीवर फरशी. वजनाचा विचार करतंय कोण, लग्नघरात? त्यात उतार उलटा झाला, पाणी बाहेर जायचं ते रेलिंगच्या पाइपांच्या बुडाशी साचायला लागलं. हो, बुडं गंजलीत, माहितीये मला. दर चौदा एप्रिलच्या आधी मीच तर निळा रंग मारते त्यांना. काय? रंगावरच उभंय म्हणता? बरं, मग नवीन करा. पाइप नवे टाका, जाड टाका.

ठोका, ठोका, आवाज होऊ द्या. ते नाही उठत एवढ्यात, गोळी दिलीये. पण हा असा बद्द आवाज का येतोय? आतून पोकळ? आणि ती भिंतीलगतची चीर जुनीच आहे हो, ती मी सिमेंटनं भरते... अय्या, खिळा गेला की आत! अख्खा गेला? खालून पाहिलंत तुम्ही? सळई उघडी पडलीये ना, प्लास्टर पडलं त्याला झाली बरीच वर्षं, मोलकरणीच्या डोक्यावर पडता पडता राहिलं. नाही, नाही, मी नाही पाय ठेवत बाहेर. पण त्यांचं काय करू?

कडी लावते की. कडी लावली की दार धडधडवतात, एकदा काच फोडून घेतली हाताला. रागावून नाही हो, इतका शांत माणूस — नोटांच्या प्रेसमध्ये उभी नोकरी काढली, कुणाला अरे नाही म्हटलं. डॉक्टर म्हणतात विसरण्याचा आजार, हळूहळू वाढतच जाणार. मला 'बाई' म्हणतात. अहो बाई, चहा ठेवता का? बाई, संध्याकाळ झाली, तुमच्या घरी वाट बघत असतील. मी म्हणते हो साहेब, निघतेच. काय करणार? पण — हे मी तुम्हाला का सांगतेय देव जाणे — मी बाजारातून आले ना, बिटको चौकाकडून चालत, आणि त्या पिठाच्या गिरणीपाशी वळले, की हे गॅलरीतून बरोब्बर ओळखतात. माझी चाल ओळखतात की पिशवी, काय माहीत. यशोदे! दमलीस का गं? — गल्लीभर ऐकू जाईल असं! हात करतात, पुढं वाकतात. मी जिना चढून वर येईपर्यंत संपलेलं असतं, दारात परत बाई. म्हणून मग मी कोथिंबिरीला जाते. वर आले की मिरच्या राहिल्या म्हणून परत जाते. फ्रीज उघडून बघा, सडतीये भाजी! अश्विन फोनवर ओरडतो, आई, एवढा भाजीपाला कशाला? त्याला काय सांगू, तुझे बाबा मला रस्त्यावर भेटतात म्हणून?

मग टाइल्स काढून टाका ना, वजन कमी होईल. ठोकायला गेलं की सगळंच खाली येईल? बरं, खालून पाइपचा टेकू? रस्त्यात कसा देणार, खरंय, गटार आहे तिथं. आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीत रेलिंग बसवलं, फरशीला हातच नाही लावला तर? त्यांचे पाय फरशीवरच असणार. हो. तेही खरंच. तुम्ही माझा एकही उपाय टिकू देऊ नका हं! तुमचा काय दोष, चिडू नका. मी आपली बोलते.

म्हणजे आतून गॅलरीच्या दारालाच जाळी, आजच. आणि गॅलरी पाडायची. दारातून गिरणीचं वळण दिसत नाही हो. खिडकीतून बघतील म्हणता? स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला, तिथून दुसऱ्यांच्या टाक्या दिसतात फक्त. भाऊ, एक करता का? जाळी मारायच्या आधी मी एकदाच पिशवी घेऊन खाली जाऊन येते. तुम्ही त्यांना उठवा, कमरेला धरा घट्ट, तुम्ही उंबऱ्याच्या आतच राहा. एकदाच. लगेच येते मी. नाही? त्यांच्याबरोबर तुम्हीपण जाल म्हणता. हो ना, तुमच्याही घरी लेकरं असतील. चुकलं माझं, कुणालाही असं विचारू नये.

प्लग तिथं टीव्हीच्या मागं आहे. लावा मशीन. जाळी बारीक नको, थोडी हवा — अगं बाई, उठलात का? काही नाही, दाराचं काम चाललंय. बसा, बसा खुर्चीत, तिकडे ठिणग्या उडतील. मी होय? मी... मी कामाची बाई, साहेब. यशोदा बाजारात गेलीये. येईल. भाऊ, तुम्ही थांबू नका, करा सुरू.