लेहरा वाकला नाही

सन्माननीय अध्यक्ष बबनराव, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या चिखलीच्या संगीत मंडळाचे सभासद, मागे चहापाशी रेंगाळलेले रसिक, आणि ज्यांना आज निरोप द्यायचा ते आपले पेटीवादक कोंडीरामकाका, सर्वांना नमस्कार. मी भाग्यश्री. दिवसा चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, उरलेला वेळ तबल्याला.

काका बत्तीस वर्षं लेहरा धरतायत. एकल तबल्यात पेटीवर सोळा मात्रांची एकच ओळ फिरत राहते, तो लेहरा. तबलजीनं वाटेल तेवढं उडावं, पण त्या ओळीच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, उतरायलाच हवं. आणि टाळ्या कोणाला? तबल्याला! पेटीवाल्याचं नाव निवेदकसुद्धा विसरतो. हो ना, प्रीतमभाऊ? हसताय काय, तुम्हीच विसरला होतात.

तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात माझं पहिलं एकल वादन होतं. शेवटी लांबलचक चक्रदार घेतली. एकच बोल तीनदा वाजवून समेवर यायचं. घाईत मधली मात्राभराची थांबायची जागा गिळली. आता आधीच पोचणार, हे येता येताच कळलं. डोळ्यांनी काकांना विनवलं, एक मात्रा गाळा. अहो, भले भले असं सांभाळून घेतात! काकांचा लेहरा होता तसाच चालला, आणि मी समेच्या एक मात्रा आधीच येऊन थांबले. चूक कळूनही लोकांनी कीव करून टाळ्या वाजवल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत जाऊन मी कडाकडा भांडले. काका म्हणाले, "पोरी, म्या मात्रा गाळली असती, तर लोकांस्नी कळलं नसतं. पर पुढच्या येळी तू पुन्हा माझ्याकडंच बघितलं असतंस. आन् म्या किती दिस पुरणार?"

मी तबला माळ्यावर टाकला. तर हा माणूस रविवारी स्कूटरवर पेटी बांधून आमच्या दारात! मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. काका अर्धा तास नुसता लेहरा वाजवून, चहा पिऊन गेले. असे पाच रविवार. सहाव्याला माझे वडील वैतागले, "अगं बये, वाजव एकदाचं! ही ओळ मला शिफ्टमध्येपण ऐकू येतीय."

वाजवायला लागले. पण घरीच. स्टेजवर तीन वर्षं धजले नाही. आता काकांची बोटं आखडतात, आजनंतर पेटी कायमची खाली ठेवणार म्हणतात. म्हणून ठरवून आलेय, तीच चक्रदार, याच स्टेजवर, काकांच्याच लेहऱ्यावर. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? तरी वाजवणार.

अध्यक्षांचे आणि मंडळाचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तबल्यावर चुकले, तर मात्र कृपा करून टाळी देऊ नका.

काका, धरा लेहरा. आज मी तुमच्याकडे बघणार नाही.