ठकी काय म्हणाली

— नाही हो ताई, राहू द्या ते रेकॉर्डिंग चालू, माझी काही हरकत नाही, फक्त या कानशीपासून लांब धरा, किल्ली घासताना लोखंडाचा कीस उडतो. आणि स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकून बसा. तर तुम्ही आधी तिच्याकडे जाऊन आलात म्हणता — ताडमाडकडे. ताडमाड हे काही तिचं खरं नाव नव्हे, आमच्या ठकीनं ठेवलेलं. ठकी म्हणजे आमची लेक, एकुलती एक. इतकी बुटकी, की चष्म्याच्या दुकानात वरच्या फळीवरची फ्रेम काढायची तर शेजारणीला हाक — "ए ताडमाड, हात दे गं!" दोघी एकाच काउंटरवर. मग त्या बाजाराच्या इमारतीत कुणीतरी बाँबची पिशवी ठेवून गेलं — कुणावर सूड उगवायचा होता? चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या म्हाताऱ्यांवर? — आणि अख्खा वरचा मजला खाली आला. आमची गेली. ताडमाड वाचली, हात गेला. तोच, वरच्या फळीवर पोचणारा.

आमच्या हिचं काय झालं विचारू नका. भिंतीकडे तोंड करून पडून असायची, अन्नाचा कण तोंडात घालत नव्हती. रडायची म्हणाल तर तेही नाही — रडली असती तर बरं झालं असतं. आणि एका रविवारी ही पोर दारात उभी, नुकती दवाखान्यातून सुटलेली, बाही पिनेनं वर टाचलेली. मला वाटलं, पोरीला बघून आमची ही अंग टाकणार. पण ही उठून बसली, अंगात उसनं बळ आल्यासारखी, आणि एकच विचारलं — "ती काही म्हणाली का गं?" पोरीनं बाहीची पिन चाचपली. मग ती म्हणाली, "हो काकू. म्हणाली, आईला सांग, मला दुखत नाहीये." झालं! त्या दिवशी ही माझ्या ताटातला घास जेवली, ताई. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडलो.

तेव्हापासून दर रविवारी यायची. बिचारीला स्वतःची आई नाही, लहानपणीच गेली, तिलाही माया हवीच होती की. ही तिची वेणी घालायची — एका हातानं कशी घालणार ती? — आणि वेणी घालता घालता विचारायची, "आणखी काय म्हणाली?" पोर सांगायची. ठकीनं गाणं म्हटलं. लहानपणी आईनं ताप उतरेपर्यंत मांडीवर घेतलं होतं, त्याची आठवण काढली. ढिगाऱ्याखाली माणूस इतकं बोलतं का हो? एकदा तिला बसपर्यंत सोडायला गेलो आणि विचारलंच. ती रस्त्यातच थांबली. म्हणाली, "काका, मी मागच्या कोठीत होते. ती काउंटरवर. मधे भिंत पडली. मला तिचा आवाजसुद्धा आला नाही. ती लगेच गेली असं डॉक्टर म्हणाले."

— तुम्हाला सांगितलं ना तिनं हेच? मला वाटलंच. म्हणून तर हात जोडतो. त्या स्फोटाच्या स्मारकाच्या दालनात तुम्ही हे लावणार, तिच्याच आवाजात ऐकवणार, आणि आमच्या हिला पहिल्या रांगेत बसवणार! ती पुन्हा भिंतीकडे तोंड करेल हो, आणि या खेपेला उठायची नाही. तुम्ही पहिलंच लावा ना — मला दुखत नाहीये, एवढंच. त्यानं कुणाचं काय बिघडतंय? खोटं? अहो, मी ते खोटं जाणून होतो, तरी पुढच्या रविवारी कान टवकारून बसलोच की! आणि एकदा — आता सांगूनच टाकतो — ही आत चहा टाकायला गेली, तेव्हा मीच हळूच विचारलं, "बाबांबद्दल काही म्हणाली का गं?" रस्त्यात तिनं सगळं सांगितल्यानंतर, ताई! पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं... म्हणाली, "हो काका. बाबांना सांग म्हणाली, जेवायला थांबू नका." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ल्या घासायला बसलो, हात हलका वाटत होता.

मग ती यायची थांबली. शेवटचं आली तेव्हा हिनं वेणी सोडली, फणी घेतली, विचारलं, "मग?" आणि पोर म्हणाली, "काकू, मला आता काही आठवत नाही." अर्धी वेणी तशीच टाकून गेली. ही रोज दार उघडून बघते. मी दोनदा गेलो तिच्या खोलीवर, कडी वाजवली, आत पंखा फिरत होता, दार उघडलं नाही. तुम्ही तिला समजवा. एकदा ये म्हणावं, एक रविवार, काहीही सांग —

असं का बघताय? काय — आम्ही तिला तिचं कधी विचारलं का? काय विचारायचं? ती तर वाचली! ... नाही. नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून काढलं तिला, एवढं माहीत आहे. हात अडकलेला, अंधार — हे तुम्हालाच सांगितलं? आणि ती हाका मारत होती? कुणाला? ठकीला... रात्रभर? "हात दे" म्हणून?

थांबा. थांबा जरा. अहो, दर रविवारी ती आमच्या घरात बसायची, आणि आम्ही तिच्या तोंडून नुसती आमची ठकी ओढून काढत होतो. त्या पोरीला कुणी पाणी तरी — बंद करा ते. बंद करा म्हणतो ना!

— अगं, तू? तू कधी आलीस? माझा डबा इथं ठेव, पडेल... कुठपासून ऐकलंस? ये, बस इथं, स्टुलावर बस. ताई, उठा. उठा हो, बसू द्या तिला. काय? ताडमाडकडे जायचंय? आत्ता? ... अगं, पण ती दार उघडत नाही — बरं. बरं, चप्पल घालतो. ताई, तुम्ही निघा आता. दुकान बंद करायचंय.