आण्णांची जीप: हायवेला पण आणि डोंगराला पण

...आणि वर मलाच विचारतात, हरिचंद्राची जीप झाली का? झाली हो! आख्ख्या मांजर्लीला माहीत आहे झाली ती, कारण ती सुरू झाली की वरच्या मजल्यावर माझा कप बशीत नाचतो. मी त्याचा शेजारी, मला सगळं फुकटात ऐकू येतं. पण झाली म्हणजे काय झाली, आणि त्या माणसाचं काय झालं, ते कोणी विचारतच नाही!

तुम्हाला सांगतो, जीप मुळात आण्णांची, म्हणजे हरिचंद्राच्या वडिलांची. तरुणपणी लष्कराच्या लिलावातून घेतलेली, वयाने हरिचंद्राहून मोठी, आणि घरात मानही तिलाच मोठा. का? तर यांच्या गावदेवीचा मुखवटा यांच्या देव्हाऱ्यात असतो. जत्रेच्या सकाळी आण्णांनी तो हातात घ्यायचा, जीपमध्ये बसायचं आणि पार बारवी धरणाच्या पलीकडे, डोंगरावरच्या देवळात, दुपारच्या आरतीआधी पोचवायचा. वाटेत मुखवटा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा नाही. हा घराण्याचा मान. आणि आरतीला नाही पोचला, तर मान जातो चुलत घराण्याकडे, कायमचा! चुलत घराणं तर काय, वरती देवळात टोपी सारखी करून वाटच बघतंय. गेल्या जत्रेला जीप चढावर बंद पडली. देवी उन्हात, आण्णा उन्हात, पोरांनी ढकलत ढकलत आरतीच्या तोंडावर कशीबशी नेली. त्या दिवसापासून आण्णांचं जेवणात लक्ष नाही. गुडघे तर आधीच गेलेले. हरिचंद्राला जवळ बसवून म्हणाले, "हरी, माझ्या हातनं मान गेला तर मी त्या डोंगराकडं परत तोंड नाय करणार."

आता यात करायचं काय होतं? इंजिन खोलायचं, साफ करायचं, बंद करायचं! पण अंबरनाथ एमआयडीसीत याच्या कंपनीत तो अनीश आहे ना, मोबाइलवर जीपांचे व्हिडिओ बघणारा, त्याने डबा खाता खाता कानात भरलं... दादा, विंटेज माल आहे, लोक मरतात अशा गाडीसाठी, खोलतोच आहेस तर मस्त बनव ना! आणि घरी आला तर सुहासिनीवहिनी म्हणाल्या, एवढा घाट घालताच आहात तर मला एकदा नाशिकपर्यंत तरी न्या, लग्न झाल्यापासून त्या जीपमध्ये मी फक्त नारळ धरून बसलेय. झालं! ठरलं! हायवेला पण चालली पाहिजे आणि डोंगराला पण!

मग गाडी गेली उल्हासनगरला, धर्मेशच्या गॅरेजात. हा धर्मेश म्हणजे सिंधी माणूस, बोलायला साखर, त्याच्या तोंडात 'नको' हा शब्दच नाही. जीपभोवती एक चक्कर मारली, चहा मागवला आणि म्हणाला, "साईं, आधा काम मी करतच नाय. बनवायची तर पुरी बनवू." बरं, इथे गॅरेजची रीत कशी, तर गाडी खोलली की येणारा-जाणारा प्रत्येक जण डॉक्टर! शेजारचा वेल्डर सांगून जातो, समोरचा टायरवाला सांगून जातो, रस्ता चुकलेला माणूस पत्ता विचारायला थांबतो तोसुद्धा बंपर जाड घाला म्हणून सांगून जातो, आणि हरिचंद्र सगळ्यांना हो म्हणतो!

डोंगराला मोठे टायर पाहिजेत म्हणून मोठे टायर घातले, तर ते मडगार्डला घासायला लागले, म्हणून खालचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उचलली, उचलली तर ती हायवेला डुलायला लागली, म्हणून शॉकअप कडक घातले, कडक घातले तर आतला माणूस टपाला लागायला लागला, म्हणून सीट नव्या, पट्टे नवे, टप आणखी उंच, त्यात स्टेअरिंग जड झालं म्हणून पावर स्टेअरिंग, मग जुन्या इंजिनाला एवढं ओझं ओढेना म्हणून दुसरं इंजिन... अहो, त्या जीपमध्ये आण्णांची जीप उरली होती कुठे? नंबरप्लेट आणि हॉर्न! पुढे काचेच्या बाजूने एक काळी नळी वर काढली, गाडी पाण्यात गेली तरी इंजिनाला वरून श्वास घेता यावा म्हणून. ती मात्र आमच्या सोसायटीत सगळ्यांना पसंत पडली. मांजर्लीत पूर बघितलेली माणसं आम्ही, दोघातिघांनी तर विचारलं, बिल्डिंगला बसते का?

आणि आण्णा रोज विचारायचे, झाली का रे? हरिचंद्र सांगायचा, होतेय आण्णा, अशी होतेय की हायवेला पण आणि डोंगराला पण! सुट्टी दिसली की हा गॅरेजात. वर्षभरात गावाकडे फिरकला नाही, कोणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही.

जत्रेची सकाळ उजाडली. जीप दारात, हार घातलेला, सगळी बिल्डिंग गॅलरीत. आण्णा बाहेर आले, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, छातीशी लाल कापडात देवी. जीपपाशी आले आणि थांबले. वर बघितलं. खाली बघितलं. अहो, पायदान त्यांच्या कमरेला!

आता चढायचं कसं? स्टूल आणलं, तर गुडघा वाकेना. खुर्ची आणली, तर दांडीला धरायला हात मोकळा नाही, दोन्ही हातांत देवी. हरिचंद्र म्हणाला, मी अलगद उचलून बसवतो. आण्णा शांतपणे म्हणाले, "मेल्यावर चौघं हायेत उचलायला. आज नको." आणि हरिचंद्र... वर्षभर ज्याने वंगणात हात घातले तो बाप्या माणूस, सगळ्यांसमोर पायदानावर बसला आणि रडला हो. मलाही बघवेना. ज्यांच्यासाठी केली तेच खाली!

इकडे ऊन वर चढतंय, तिकडे चुलत घराणं टोपी सारखी करतंय. कोपऱ्यावर चांगोची रिक्षा उभी होती, पण देवी भाड्याच्या गाडीत कशी बसणार? आण्णा ऐकेनात. तेव्हा सुहासिनीवहिनी म्हणाल्या, "तुम्ही नका ठरवू, आण्णा. तिलाच विचारा. कौल लावा."

लावला. मुखवट्याला डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो. आण्णांनी डोळे मिटले, आई, तुला रिक्षा... एवढंच म्हणाले, आणि उजवी पाकळी टपकन खाली! प्रश्न पुरा होऊ दिला नाही हो देवीने!

मग काय, पुढे चांगोची रिक्षा, तीत आण्णा आणि देवी, आणि मागे ही पाटाएवढ्या टायरांची जीप, तीत नारळ, पातेली आणि हरिचंद्र. मोठ्या रस्त्याला लागले तर ट्रॅफिक जाम. चांगो दोन टेम्पोंच्या मधून सटकला, जीपचा बंपरच एवढा रुंद की हरिचंद्र जागच्या जागी! बरं, हायवेला नाही तर नाही, डोंगराला तरी? पोचला पायथ्याशी, फोर व्हीलचा दांडा टाकला, आणि समोर बघतो तर... सिमेंटचा रस्ता! थेट देवळाच्या पायरीपर्यंत! चुलत घराण्यानेच पंचायतीकडून करून घेतलेला, आणि हा वर्षभर गॅरेजात, याला सांगणार कोण?

रिक्षा आरतीआधी आरामात पोचली. मान राहिला. आण्णा पोटभर जेवले, तेही चुलत घराण्याच्या पंगतीत, मुद्दाम त्यांच्या समोर बसून. जीप आली तेव्हा पानं उचलत होते.

हरिचंद्र हळूच म्हणाला, आण्णा, पुढल्या वर्षी गाडी खाली करून घेतो. आण्णा म्हणाले, "कर की. पण चांगोला आत्ताच सांगून ठेव. जत्रेला त्याला लय भाडी असतात."

चांगो तर केव्हाच भाडं घेऊन डोंगर उतरलेला. आता त्या डोंगरात फोनला रेंज कुठली? हरिचंद्र देवळामागे फिरला, पायरीवर चढला, काही नाही. शेवटी जीपमध्ये जाऊन बसला आणि तिथून फोन लागला. तेवढं एक काम मात्र धर्मेशने खरंच छान केलंय बघा... त्या उंचीवर रेंज फुल्ल येते.