फुलचंद शेठचे पाय

...आन् वरून लोक म्हनतात, फुलचंद शेठ चाललेच नाईत! कोन म्हनते? आना त्याले माझ्यासमोर! तुमाले सांगतो, वसुबारसेपासून त्रिपुरी पुनवेपर्यंत मानूस रोज चालला. बाजारातून निंघाला, एस.टी. स्टँडले वळसा घातला आन् घरी. पायाचा काई दोष नाई!

आता तुमी म्हनसान, आमच्या कारंजा गावच्या धान्याच्या अडत्याले ऐन दिवाळीत हे खूळ काहून सुचलं? अवो, मागच्या साली शेठ आन् त्याईची बायको पानाबाई जैनाईच्या शिखरजीच्या डोंगरावर यात्रेले गेले होते. तिथं डोलीत बसाच्या आधी मानसाले काट्यावर चढवतात. शेठ चढले. डोलीवाल्यानं काटा पाह्यला, शेठजीले पाह्यलं, पुन्हा काटा पाह्यला आन् साऱ्या धर्मशाळेले ऐकू जाईन असा ओरडला, "सेठजी के लिए आदमी बढ़ाओ रे!" सारे यात्रेकरू हासले. ते चाललं असतं हो... पन पानाबाई हासली! जन्मभर दुसऱ्याची पोती तोलनारा मानूस, त्याले लय लागलं. तिथंच देवापुढं बोलले, "पुढच्या कार्तिकात पायीच चढीन!" मंग वर्षभर धंद्यातून सवड नाई, आन् यंदा दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरले इचारलं तं तो म्हने, "चढा, पन आधी शहान्नव किलोचे शहाऐंशी करा, नाईतर गुडघे जातीन. रोज चाला."

चालले ना! पहिल्या दिवशी सकाळीच निंघाले. पन दिवाळीत कोनाच्या दारावरून नुसतं जाता येते काय? दौलतराव पाटलाची गोजराबाई ओट्यावरूनच, "अवो शेठजी! असे कोरडेच चालले? आमच्या घरचं गोड लागत नाई काय?" बसले. तिथून उठले तं शेजारची रामीबाई, "तिच्याकडं खाल्लं, आन् आमीच काय पाप केलं?" एक मैल चालाले अडीच तास लागले... आन् चौदा करंज्या!

मंग शेठजीनं डोकं लढवलं. जैन मानूस, सूर्य बुडाला की तोंडात दाना नाई. सारं गाव जानते. म्हनाले, "पाना, उद्यापासून दिवस मावळल्यावर चालतो. कोन खाऊ घालते तेच पायतो!" वा! मले तं वाटलं, जिंकला मानूस!

पन गोजराबाई कायची ऐकते? "अवो हो, तुमचं व्रत! बसूच नका. हे घ्या पुडी, सकाळी खाजा!" शेठ हात हालवत गेले आन् दोन पिशव्या भरून आले. अनारसे, शेव, चकल्या... चालनं तं चालनं, वरून ओझं! सांगा, पायाचा काई दोष आहे?

तुमी म्हनसान, आनलं तं आनलं, वाटून टाकाचं. टाकलंही असतं! पन दुसऱ्या दिवशी गोजराबाई दारात हजर. "शेठजी, अनारसे कसे झाले? खरं सांगजा!" आन् शेठजीनं पर्युषनात नेम घेतलेला, वर्षभर खोटं बोलाचं नाई. खाल्ले नाई म्हनाव तं बाई रुसते, आन् न खाता चव सांगतीन कशी? मंग रोज सकाळी साऱ्या पुड्या सोडाच्या आन् एकेकाची चव पाहाची. बरं, "चांगले झाले" म्हनलं की दुसरी पुडी! रामीबाईची चकली नरम पडली होती. शेठजीनं खरं तेच सांगितलं. बिचारीचे डोळे भरून आले, तिनं रातोरात नवीन घाना तळला आन् सकाळी डबा दारात. "आता सांगा!"

पुनवेच्या सकाळी शेठ दुकानातल्या काट्यावर चढले. हमाल रामकिसनले पोती तोलाची सवय. खड्या आवाजात ओरडला, "एक क्विंटल, वरते दोन किलो! उतरवा!" सारा बाजार थांबला. शेठजीनं हळूच संग आलेल्या पानाबाईकडं पाह्यलं. ती हासली नाई. तेच तं जास्त झोंबलं!

शेठ उतरले आन् तुरीच्या पोत्यावर बसले. पायातली चप्पल काढून पाह्यली. तळ पार घासून गेला होता. म्हनाले, "पाना, डोलीवाल्याले कारड टाक. मागच्यासारखे चार नाई, सहा मानसं सांग."

"आन् पायी चढाचं कबूल केलं होतं ते?"

"पायाचा काई दोष नाई व. ते तं चढाले आताही तयार आहेत... वरचा माल उचलाले मानसं पाहिजे!"