रडणं सांभाळून नेताना

मला एक सांगा, बाई घराबाहेर पडली की तिचा चेहरा काय ग्रामपंचायतीच्या मालकीचा होतो का? नाही, म्हणजे नळाला चार दिवस पाणी नसलं तरी कोणी विचारत नाही, रस्त्यात माणूस मावेल एवढा खड्डा पडला तरी कोणी खाली बघत नाही, पण एखादी बाई आपली गप्प बसून चाललेली दिसली, की ओळख ना पाळख, जाणारा-येणारा थांबतो आणि अगदी हक्कानं सांगतो, 'मावशी, हसा ना जरा.' अहो पण कायले? कोणत्या आनंदात?

तुम्हाला सांगते, आमच्या दारव्ह्याच्या इंदूबाईचे काय हाल झाले त्या दिवशी. इंदूबाई म्हणजे साधी बाई, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, आणि चारचौघांत रडणं तिला जन्मात जमलेलं नाही. काही बायांना कसं, नळ सोडल्यासारखं येतं. हिला येतं ते एकटीला, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून. तर त्या सकाळी ती वरणात हळद टाकत होती आणि फुलसावंगीहून फोन आला. बहिणीची पोरगी, पायल. 'मावशी, बाबा गेले काल. सकाळीच माती करून राह्यले, तू ये.' बाबा म्हणजे धर्मपालजी, इंदूबाईच्या मोठ्या बहिणीचे, कौसल्याबाईचे मालक. आणि हातात चमचा कशाचा, तर त्यांनीच पाठवलेल्या हळदीचा. घरच्या शेतातली हळद, दरवर्षी ते कोणाच्या ना कोणाच्या हाती पाठवायचेच, दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं तरी.

हो, बोलणं बंद होतं. पाच-सहा वर्षं झाली. कशावरून, विचारा. हसण्यावरून! पायलच्या लग्नात धर्मपालजी माइक हातात घेऊन पाहुण्यांचे आभार मानत होते, 'आपण सर्व जण' म्हणता म्हणता त्यांची कवळी सुटून हातातल्या हारात पडली, आणि सगळ्या मांडवानं हसू गिळलं, एकट्या इंदूबाईचं निसटलं. खळखळून. कौसल्याबाई तिथंच म्हणाली, 'माह्या मालकाले हसली तू. आता माह्या दारात येजो नको.' संपलं. एका हसण्यापायी सख्खी बहीण गेली, आणि धर्मपालजी बिचारे स्वतः काही मनात न ठेवता हळद पाठवत राहिले.

आता आमच्याकडे कसं आहे, दोन बायांचं बोलणं बंद असेल तर ते सुरू करायला कोणी माफी-बिफी मागत नाही. एकीच्या घरी मयत झाली की दुसरीनं जायचं, दारातूनच हंबरडा फोडायचा, गळ्यात पडायचं, दोघींनी पोटभर रडायचं, मागचं सगळं त्यात वाहून जातं. पण रडणं पाहिजे. कोरड्या डोळ्यांनी गेलात, तर बसलेल्या बाया लगेच कुजबुजतात, 'पाहा व, मनातून बरंच वाटलं असन इले.' मग ते दार जन्माचं बंद. म्हणून त्या सकाळी हळदीच्या वासानं जे रडणं घशापर्यंत आलं, ते इंदूबाईनं तिथंच धरलं. घरी खर्चलंच नाही. नवरा तापानं फणफणलेला, त्याला औषध दिलं, शेजारणीला सांगितलं, पांढरी साडी नेसली आणि एकटी निघाली. दारव्ह्याहून दिग्रस, दिग्रसहून पुसद, पुसदहून महागाव, तिथून फुलसावंगी. चार गाड्या बदलायच्या, आणि काठोकाठ भरलेली घागर डोक्यावरून न्यावी तसं ते रडणं सांभाळून न्यायचं. आहे का सोपं?

त्यात ती पांढरी साडी. आपल्या बौद्ध समाजात लग्नाला पांढरी, जयंतीला पांढरी, वंदनेला पांढरी आणि मयतीलाही पांढरीच. साडीवरून कळत नाही, ते तोंडावरून कळतं, पण तोंड बघतो कोण?

दारव्ह्याच्या स्टॅण्डवर काळी-पिवळी जीपवाला. 'या मावशी, पुढंच बसा. लग्नाले चालल्या वाटते? मंग तोंड काहून असं? हसा ना जरा, माह्या बोहनीचा टाइम हाये.' म्हणजे बघा, त्याची बोहनी हिच्या तोंडावर अवलंबून! तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना, की बाबा, मी मयतीला चालली. अहो, पण तोंड उघडलं तर जे धरलंय ते तिथंच सांडणार नाही का? गिअरच्या दांड्यावर? म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले आणि खिडकीबाहेर कापूस बघत राहिली. आणि तो पठ्ठ्या दिग्रस येईपर्यंत वळून वळून बघतोय, 'अजून नाई हसल्या मावशी.' मागचे सगळे खो-खो. घागर चार बोटं उतरली.

दिग्रसहून बस. तिला वाटलं, बसमध्ये तरी कोणी बोलणार नाही. तर बाजूला येऊन बसले कोण, एक निवृत्त गुरुजी, पांढरा शर्ट, खिशाला हास्यक्लबचा बिल्ला. त्यांनी हिच्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसला, तेव्हाच इंदूबाईनं पिशवी छातीशी ओढली.

'ताई, हसायला पैसे लागत नाहीत.'

इंदूबाई गप्प.

'हसल्यानं रक्तदाब खाली येतो.'

आता इंदूबाईचा चढत होता.

शेवटी तिनं ओठांच्या फटीतून, अगदी जेमतेम, सांगितलं, 'मयतीले चालली, गुरुजी.'

'अरेरे. कोण?'

'भाऊजी.'

'वय?'

'सत्तरी.'

'मग सोनं झालं की ताई. जीवन क्षणभंगुर आहे. अशा वेळी तर हसायलाच पाहिजे. करा माझ्याबरोबर, दोन्ही हात वर… हा, हा, हा.'

आणि तुम्हाला सांगते, बस म्हणजे काय, माणसांना बहाणाच पाहिजे असतो. पुढच्या सीटवरच्या दोघांनी हात वर केले, मागून कोणीतरी हा-हा केलं, कंडक्टर तिकीट फाडता फाडता हा-हा करू लागला, अख्खी बस हात वर करून हसतेय आणि मधोमध पांढऱ्या साडीतली एक बाई, पिशवी छातीशी धरून… काय वाटलं असेल हो तिला? पुसद येईपर्यंत घागर निम्मी.

मग तिनं ठरवलं, परत भरून घेऊ. स्टॅण्डवरच्या बाकावर बसली, डोळे मिटले आणि धर्मपालजींना आठवू लागली. भला माणूस. एकदा एवढीशी हळदीची पिशवी द्यायला फुलसावंगीहून दारव्ह्याला आले होते, पिशवी फाटली म्हणून शर्ट पिवळाजर्द, आणि दारात उभे राहून म्हणाले, 'इंदू, मले हळद लागली व या वयात.' येत होतं, बरोबर येत होतं… आणि नेमकी डोळ्यांपुढं आली ती कवळी. हारातली. आता आली का पंचाईत? माणसाची आठवण तर काढायची, पण कवळी बाजूला ठेवून. आणि मनाला एकदा म्हटलं की कवळी आठवू नको, तर दुसरं काय आठवतं हो? ती तशीच ओठ चावत बसली आणि समोर आला एक पोरगा, मोबाइल धरून.

'काकू, एक स्माईल. रील बनवून राह्यलो.'

'जा बापा.'

'फक्त एक. रडकं तोंड चालत नाई काकू, लोक पुढं ढकलतात.'

लोक पुढं ढकलतात म्हणे. ढकला ना मग, तेच तर पाहिजे, त्या माउलीला फुलसावंगीपर्यंत ढकला.

महागावहून जीपमध्ये बाजूला एक बाईच बसली, मांडीवर टोपली. इंदूबाईला वाटलं, बाई आहे, बाईला कळेल. त्या बाईनं हिच्याकडे बराच वेळ पाहिलं, हळूच गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'मालकानं मारलं का व? जाऊ दे. तोंड पाडून काय होते माय, मीबी हसतोच.' आणि हसून दाखवलं. पुढचा एक दात नव्हता. इंदूबाईनं त्या बाईच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघी तशाच हादरे खात बसल्या. पण घागर त्या हादऱ्यांत रिकामी झाली. तळाला थेंब नाही.

उतरली फुलसावंगीला. उन्हात स्टॅण्ड, डोकं ठणकतंय, सकाळपासून पोटात चहाचा घोट नाही, आणि आत रडणंही नाही. आता जाऊन करू काय? कोणत्या तोंडानं त्या दारात उभी राहू? आणि तेवढ्यात पानठेल्यावरून, सुपारी कातरता कातरता, 'कोणाकडच्या पाहुण्या? हसा ना मावशी, आमचं गाव का खराब हाये?'

झालं. तिचं सगळं बळच गेलं. घे बाबा, घे एकदाचं, म्हणून तिनं तोंड वर केलं आणि हसली. सगळे दात दाखवून, दोन्ही कानांपर्यंत. आणि मान वळवते तर समोर पायल. मावशीला घ्यायला आलेली, रडून रडून डोळे सुजलेले, आणि मावशी पानठेल्यावर दात काढून उभी.

पायलनं पिशवी घेतली आणि पुढं चालू लागली. इंदूबाई मागं. घर आलं, पायल आधी आत शिरली, आईच्या कानाशी वाकली, आणि इंदूबाईनं दारातून ते पाहिलं. संपलं, तिला वाटलं. दारात बाया सरकल्या, वाट झाली, सगळ्यांच्या माना वळल्या, आता हंबरडा… तिनं तोंड उघडलं आणि बाहेर आली उचकी. एक. मग आणखी एक.

आत भिंतीला टेकून कौसल्याबाई बसलेली, दगडासारखी. आणि दोन्ही बाजूंनी बायांचं चाललेलं, 'रड बाई, रड. छातीत धरू नको. एवढा मालक गेला, आणि डोळ्याले पाणी नाई? लोक काय म्हणतीन?' इंदूबाई तशीच धावली आणि गळ्यात पडली, दुसरं करणार काय? दोघींची डोकी दोघींच्या खांद्यावर, वरून पदर. आणि पदराखाली, पाच-सहा वर्षांनी पहिल्यांदा, कौसल्याबाई बोलली.

'स्टॅण्डवर हसून राह्यली होती म्हणे तू.'

'त्यानं हस म्हटलं, बाई.'

'कोणं?'

'पानठेल्यावाल्यानं. दारव्ह्यापासून सारेच म्हणून राह्यले.'

कौसल्याबाईनं पदर आणखी पुढं ओढला.

'मले सकाळपासून सारे रड म्हणून राह्यले.'

'मंग?'

'येतच नाई व, इंदे. तुले येऊन राह्यलं का?'

'आलं होतं. आणत होती. वाटेत सांडलं.'

पदराबाहेरून आवाज आला, 'अवं, रडून का नाई राह्यल्या ह्या?' तशी कौसल्याबाईनं बहिणीचं मनगट दाबलं आणि म्हणाली, 'आवाज काढ. बाया पाहून राह्यल्या.' मग काढला दोघींनी आवाज. एकीचा कोरडा, एकीचा उचकीचा. बायांनी डोळे पुसले, 'झाली बापा मोकळी,' म्हणाल्या, आणि हळूहळू उठून आपापल्या घरी गेल्या. मग इंदूबाईला उचकीवर पाणी कौसल्याबाईनंच आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या नळावर, शेजारणीच्या घरून जेवण आलेली कढई घासताना इंदूबाईला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, पाहायला बाहेरच्या बाया कोणी नसताना. आणि बाजूला दात घासत बसलेल्या कौसल्याबाईनं तोंडातलं मंजन थुंकून म्हटलं, 'जळली हाये ती कढई, जोर लाव.'